न हललेला काटा

पुलाच्या फाटकाला कुलूप लागून चार महिने झाले होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच माणूस होता, जावई. म्हाताऱ्या मुकादमाला ते ऐकवत नव्हतं. ऐकवणार तरी कसं? जावई त्याचाच, आणि आपल्या जागी त्याला चिकटवून दिला तोही यानेच.

काम म्हणाल तर साधं. लोखंड उन्हात वाढतं, थंडीत आखडतं. पणजोबांच्या काळातला एवढा अजस्र पूल, पण तोही बोटभर लांबतो. म्हणून त्याचं एक टोक दगडी खांबावरच्या लोखंडी रोलरांवर टेकवलेलं. रोलरांना ग्रीस घालायचं, आणि शेजारच्या पट्टीवर काटा किती सरकला ते दर आठवड्याला वहीत लिहायचं. बस्स! पण रोलर गंजून अडकले, वाढणाऱ्या पुलाने खांबालाच रेटा दिला आणि खांब उभा चिरला. पूल तोडायचं ठरलंच होतं. जावयाच्या नोकरीचं तेवढं उरलं होतं, आणि त्यासाठी आज मोठ्या इंजिनीअर बाई आल्या होत्या.

फाटकाजवळच्या खोलीत टेबलावर वह्या मांडलेल्या. जावई भिंतीशी मान खाली घालून उभा.

"सहा वर्षं तुम्ही काटा हलल्याचं लिहिताय," बाई म्हणाल्या, "आणि काटा तर पट्टीला गंजून चिकटलाय. न बघताच लिहीत होतात ना?"

"हो," जावई म्हणाला.

एवढंच! अरे बाबा, काहीतरी बोल की! शेवटी मुकादमाला राहवेना.

"बाई, त्याच्या आधीच्या वह्या काढा. माझ्या. शेवटची तीन वर्षं बघा, जुनेच आकडे उतरवलेत. बायको अंथरुणाला खिळली होती. आतल्या रोलरांपर्यंत पोटावर सरपटत जावं लागतं, अर्धा दिवस मोडतो. मी बाहेरचे दोन तेवढे चकचकीत ठेवायचो, साहेबाला दिसण्यापुरते. आतले अडकले तेव्हा पाचावर धारण बसली माझी. यालाही तेच शिकवलं, बघत बसू नकोस, मी सांगतो ते लिही. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. पेन्शन गेली तर गेली, लेकीचा संसार तर वाचला.

"मामा," जावई म्हणाला, "मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं."

"काय?"

"मी आत गेलो होतो सरपटत. सगळं पाहिलं. वर कळवलं असतं तर चौकशी तुमची झाली असती. मामी नुकत्याच गेल्या होत्या, तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हटलं, जाऊ दे."

सहा वर्षं या पोराने मुकादमाची अब्रू झाकली होती, आणि त्याला पत्ताही नव्हता. त्याला भरून आलं.

"तेव्हा खांब चिरला होता?" बाईंनी विचारलं.

जावयाने मान हलवली. "नाही. खांब चांगला होता."

"मग नुसते रोलर बदलून भागलं असतं," बाई हळूच म्हणाल्या. "पूल आणखी पन्नास वर्षं चालला असता."

बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. मुकादमाने जावयाकडे पाहिलं, मग तोंडावरून हात फिरवला.

"लिहा," तो म्हणाला. "दोघांचीही नावं लिहा."