बिनचुन्याचं पाणी

मी एक जुनी पेशी आहे, माणसाच्या कातडीची. काचेच्या भट्टीवर राबणाऱ्या एका माणसाच्या कानामागे माझा जन्म झाला. एक दिवस भट्टी उसळली आणि त्याची छाती, दोन्ही हात भाजले. कानामागची कातडी तेवढी शाबूत होती. तिचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत आणला, त्यात मी होते. आमच्यापासून नवी कातडी वाढवून त्याच्या छातीवर बसवायची होती. ती बसली तरच तो वाचणार होता.

मित्रांनो, आम्ही वाढलो, पण सुट्या सुट्या. एकमेकींना धरायला आम्हाला कॅल्शियम लागतं. तिथे त्याला सगळे चुना म्हणत. प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, आम्हाला वाढवणाऱ्या ताईंना रोज विचारायच्या, "काय, चुना लावला का?" आणि दोघी हसायच्या. खरंच लावला त्या दिवशी मी शेजारणीकडे बोटं पुढे केली, तिनं माझ्याकडे केली. पण नुसत्या हातांवर भागत नाही बरं का. माझ्या पोटात ॲक्टिन नावाचे दोर आहेत. हात आतून त्या दोरांना बांधले, तेव्हा कुठे पकड बसली. वीस दिवसांत आमची अखंड चादर झाली. मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

भट्टीवाल्याची बायको काचेबाहेरून आम्हाला बघायची. एकदा ताईंना म्हणाली, "त्यांचीच आहे ना ती? मग घट्ट धरून राहा म्हणावं."

आम्हाला इस्पितळात न्यायच्या दिवशी मोठ्या बाई रजेवर होत्या. ताईंनी आम्हाला चुन्याच्या पाण्यानं धुवायला घेतलं. पेशी सुट्या करायच्या पाण्याच्या बाटलीवर 'बिनचुन्याचं' असं लिहिलेलं असे. स्पिरिटचा बोळा फिरून फिरून त्यातलं 'बिन' पुसलं गेलं होतं. ताईंनी उरलेलं वाचलं, ओतलं आणि गाडीची वाट बघत बसल्या.

चुना गेला तसे आमचे हात सुटले. दोर सैल पडले. गाडी आली तेव्हा ताटलीत गढूळ पाणी होतं.

पुन्हा वाढवायला वीस दिवस हवे होते. भट्टीवाला चार दिवस टिकला.

नंतर त्याची बायको आली. तिनं विचारलं, "त्यांचं काही उरलंय का?" ताई खाली बघून "नाही" म्हणाल्या. चुन्यावरून तिथे आता कुणी हसत नाही.

पण त्या पाण्यातून उचलून ताईंनीच मला एका कुपीत गोठवलं आहे; तिला ते सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. मित्रांनो, अक्षर पुसट दिसलं तर थांबा, विचारा, पुन्हा लिहा. आणि ती बाई कधी भेटलीच, तर तिला सांगा, मी उरले आहे.