स्वस्त झालेला सॉरी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. नाव सॉरी. आज सकाळपासून तुम्ही मला चार वेळा तरी वापरले असेल. त्यातल्या किती वेळा मनापासून, ते तुमचे तुम्हीच आठवा.

माझा जन्म हजार वर्षांहूनही आधीचा, इंग्रजांच्या जुन्या बोलीतला. दुखऱ्या जखमेसाठी जो शब्द होता, त्याच्या पोटी मी आलो. ज्याच्या आत ठसठसते आहे तो, एवढाच तेव्हा माझा अर्थ. इंग्रजीत दुःखाला सॉरो म्हणतात. ती माझी सख्खी बहीण, असे भल्याभल्यांना वाटते. तसे नाही. आम्ही नुसते शेजारी. सहवासाने तोंडवळा सारखा झाला. पुढे लोक मला दीनवाण्या अवस्थेसाठी वापरू लागले, कीव करायला वापरू लागले, माफी मागायला तर सर्रास. आता धक्का लागला तरी मी, समोरच्याचे ऐकू आले नाही तरी मीच. उठल्यासुटल्या.

सध्या माझी नोकरी फ्रिज दुरुस्तीच्या तक्रारी घेणाऱ्या एका कॉल सेंटरमध्ये आहे. तिथे एक ताई बसते. तिच्यासमोर कागद चिकटवला आहे : पहिल्या दहा सेकंदांत सॉरी, मग ठरलेले वाक्य. "आवाज खाली आण. तुलाच दुखलंय असं वाटलं पाहिजे," असे तिची मॅडम शिकवायची. ताई हुशार. महिन्याभरात तिच्या आवाजाने तावातावाने भांडणारेही निवळू लागले. तिचे कौतुक झाले. खोटे कशाला बोलू, मीही हुरळलो.

ताईची आई दिवसभर घरी एकटी असे. एका दुपारी ती बाथरूममध्ये पडली. तिने लेकीला तीनदा फोन लावला. गॅलरीतले कपडे काढू का, असले काहीतरी विचारायचे असेल, म्हणून ताईने दोनदा तो कापला आणि तिसऱ्यांदा मोबाइल पालथा घातला. त्या वेळी ती मला एका गृहस्थाच्या कानात ओतत होती. त्याच्या फ्रिजमध्ये बर्फ नीट होत नव्हता.

आई गार फरशीवर पाच तास पडून होती. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर ताईला म्हणाले, "बोलायचं असेल ते बोलून घ्या."

ती उशाशी बसली. कित्येक वर्षांनी कुणाच्या घशात मला माझी जुनी ठसठस लागली. पण जिभेला वळण पडले होते. आवाज आपोआप खाली आला, गोड झाला.

"सॉरी. तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आईने डोळे किलकिले केले.

"असू दे, सिस्टर," ती म्हणाली. "माझी मुलगी कामावरून आली की तिला तेवढी आत पाठवा."

"आई, मीच आहे," असे ताई म्हणेपर्यंत ते डोळे मिटले होते. ते पुन्हा उघडले नाहीत.

आठवड्याने ताई कामावर परतली. आजही ती मला दिवसातून दोनशे वेळा उच्चारते, आणि दर वेळी मला तिच्या घशात काहीच लागत नाही.

मित्रांनो, मला जपून वापरा. जिथे खरोखर दुखते, तिथल्यासाठी थोडा शिल्लक ठेवा. मला ताईची माफी मागायची आहे. पण त्यासाठी माझ्यापाशी माझ्याशिवाय दुसरा शब्द नाही.