शंभर म्हणजे किती

नऊशे खुर्च्यांच्या त्या सभागृहात सात वाजता सदतीस माणसं होती. मधल्या बहिणीने पडद्याच्या फटीतून तीनदा मोजली. पहिल्यांदा चाळीस भरली होती, पण त्यातले तिघे दिवे लावणारे निघाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमानाचे दोन प्रवास, ड्रम्सच्या पेट्या उचलून मोडलेली कंबर, आणि समोर रिकाम्या खुर्च्यांचं शेत.

बँड घरचाच, तीन भावंडांचा. थोरली कीबोर्डवर, मधली ड्रम्सवर, धाकटा गिटार वाजवतो आणि गातो. थोरलीचा नवरा, म्हणजे भावोजी, मॅनेजर. त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण आत्मविश्वास असा की ऐकणाऱ्याला स्वतःच्या कानांची शंका यावी. चार महिन्यांपूर्वी त्यांनी लॅपटॉपवर जगाचा नकाशा उघडला होता. कोणत्या देशातले लोक इंटरनेटवर बँडचं नाव किती शोधतात, ते त्यात रंगाने दाखवलं होतं. स्वतःचा देश फिकट, आकडा चार. समुद्रापलीकडे एक चिमुकला ठिपका गडद निळा, आकडा शंभर.

"पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते काय खोटं?" भावोजी म्हणाले होते.

त्या एका म्हणीच्या भरवशावर घरचे बारा कार्यक्रम रद्द झाले. धाकट्याने छापखान्यातली नोकरी सोडली. मधलीला शाळेने ऐन सत्रात दोन महिन्यांची रजा नाकारली, तेव्हा तिने गणिताच्या बाईची एकोणीस वर्षांची नोकरी सोडली. राजीनामा लिहिताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

शंभराचं रहस्य सभागृह सांभाळणाऱ्या बाईने अर्ध्या तासापूर्वी हसत हसत फोडलं. इथल्या एका नृत्यशिक्षिकेने परीक्षेसाठी बँडचं गाणं नेमलं होतं. वर्गातली तीस-पस्तीस मुलं महिनाभर तेच शोधत होती. देश एवढासा की तेवढ्यानेच नकाशा रंगला. तीच मुलं आता पहिल्या दोन रांगांत बसली होती, आणि फार खूश होती.

मधली मागच्या खोलीत आली. थोरली आणि धाकटा तिथेच होते. भावोजी चहात बिस्कीट बुडवत होते.

"शंभर म्हणजे किती, हे कुणाला विचारलंत तरी का?" ती म्हणाली.

"शंभर म्हणजे शंभर. सगळ्यात जास्त."

"सगळ्यात जास्त वाटा, भावोजी. माणसं नव्हेत. पाच मुलांच्या वर्गात तीन पास झाली तर साठ टक्के. शंभरांच्या वर्गात चाळीस पास झाली तर चाळीस टक्के. मुलं कुठे जास्त पास झाली? सातवीतलं पोर सांगेल. आपल्याकडे कोट्यवधी लोक लाख गोष्टी शोधतात, त्यात आपला आकडा चार. तो चार म्हणजे हजारो माणसं. आणि इथला शंभर म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी."

"आता हे सांगतेस?"

"तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं? बारा कार्यक्रम घालवलेत. याची नोकरी गेली, माझी गेली. आणि तुम्ही बिस्कीट बुडवताय."

थोरली म्हणाली, "अगं, हळू. बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे की. सदतीस तर जण आहेत."

भावोजींनी कप खाली ठेवला. ते चिडले नाहीत, आणि त्याचा तिला जास्तच राग आला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि धाकट्यापुढे धरला. "मी आकड्यांचा सगळा कागद तुझ्या ताईला पाठवला होता. म्हटलं, तू गणिताची बाई, जरा तपासून दे. तिचं उत्तर वाच."

धाकट्याने वाचलं. उत्तर दोनच शब्दांचं होतं: बरोबर आहे.

"ताई, तू तपासलंस म्हणून मी मालकाकडे जाऊन नोकरी सोडतो म्हणून सांगितलं," धाकटा म्हणाला. "मला शंका होती. पण म्हटलं, ताईने बघितलंय."

घाईत पाहिलं, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मान्यही केलं असतं. वह्यांचा गठ्ठा होता, परीक्षा होत्या, डोकं दुखत होतं. पण धाकटा तिच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेपुढे तिला खोटं बोलवेना.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. आकडे माणसांचे नाहीत, वाट्याचे आहेत. मी ते वाचलं होतं. दोनदा." तिचा आवाज चढतच गेला, जणू अजूनही ती भावोजींनाच झापत होती. "एकोणीस वर्षं तोच फळा. तीच शेकडेवारी. कुठल्या तरी देशाने मला बोलावलंय असं कागदावर लिहून आलं होतं. ते खोटं आहे असं मीच का म्हणायचं? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं. कुणी म्हटलं नाही. तुम्ही सगळे मूर्ख निघालात, त्याला मी काय करू?"

भावोजींनी फोन खिशात ठेवला. थोरलीने डोळ्यांवरून हात फिरवला. बाहेर मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला होता.

धाकट्याने गिटार गळ्यात अडकवली. दारापाशी तो थांबला. गाणं कधी सुरू करायचं ते बँडमध्ये ड्रमवाला ठरवतो. काड्या एकमेकींवर आपटून चार मोजायचे, मग सगळे सुरू होतात. त्यांच्यात पहिल्या दिवसापासून ते काम मधलीचं.

"आज चार मी मोजतो," धाकटा म्हणाला.

रंगमंचावर तो माइकपाशी गेला, तिच्याकडे पाठ करून. त्याने पायाने चार ठोके दिले. लय जलद होती, गाण्याला न झेपणारी, हे तिला दुसऱ्याच ठोक्याला कळलं. ती काही बोलली नाही. त्याच्या मागोमाग वाजवू लागली.