कोपऱ्यातलं अक्षर

संगणकवाल्याने पडद्यावरच्या एक्स-रेमधली दोन्ही फुप्फुसं काळ्या चौकोनांनी झाकली आणि फोटो तपासून आजारी की निरोगी ते सांगणाऱ्या यंत्राला पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं: आजारी. मग त्याने फुप्फुसं उघडी केली आणि कोपऱ्यातलं शिशाचं अक्षर तेवढं झाकलं. उत्तर आलं: निरोगी.

एक्स-रे काढणाऱ्या बाई पडद्याजवळ सरकल्या. बावीस वर्षं त्या याच खोलीत लोकांच्या छातीचे फोटो काढत होत्या. ते अक्षर त्यांच्याच हातचं. वॉर्डात जाऊन, फिरत्या मशीनवर काढलेल्या फोटोला ते लावायचं, अशी पद्धत.

"म्हणजे हे छातीकडे बघतच नाही?"

"छाती म्हणजे काय, हे याला कुणी सांगितलेलंच नाही, मॅडम. हजारो फोटो दाखवले. हा आजारी, हा निरोगी, एवढंच सांगितलं. खाटेवरचे पेशंट बहुतेक आजारीच असणार, आणि त्यांच्या फोटोत हे अक्षर. याने सोपी खूण पकडली."

म्हणजे आपल्या पायांनी चालत आलेला माणूस यंत्राला धडधाकटच वाटायचा. आणि यंत्राने निरोगी ठरवलेला फोटो डॉक्टर गेले आठ महिने उघडूनही बघत नव्हते.

बाईंची थोरली बहीण चार महिन्यांपूर्वी खोकला घेऊन आली होती. चालत. यंत्राने तिचा फोटो निरोगी ठरवला होता. काही नाही गं ताई, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, असं बाईंनीच तिला सांगितलं होतं.

त्यांनी ताईचा तो फोटो उघडला. फोटो वाचायचा अधिकार त्यांचा नव्हता, पण नजर बावीस वर्षांची होती. डाव्या बाजूला, खांद्याजवळच्या हाडाआड, पुसट डाग होता.

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर बराच वेळ पडद्यापुढे वाकून राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "त्यांना आजच बोलवून घ्या. बाकीचे सगळे फोटो मी स्वतः बघतो."

दुपारी ताई आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं. आपण काय बोललो होतो, तेही. ताईने ऐकून घेतलं, पर्स बाईंच्या हातात दिली आणि मशीनपुढे जाऊन उभी राहिली.

"श्वास घे. रोखून धर," काचेआडून बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

'सोड' हा पुढचा शब्द त्यांच्या तोंडून फुटेना. ताई हनुवटी वर करून, सांगितल्याप्रमाणे श्वास धरून, तशीच उभी होती.