फोटोतला कोट

म्हणे सहल! परदेशात कामाला आणलेल्या आम्हा वेल्डरांना कंपनीने बसमध्ये कोंबून तिथली छोटी छोटी गावं दाखवली. अंगावर धड कोट फक्त फोरमनच्या. मग प्रत्येक गावात, दगडी पुलावर, मनोऱ्याखाली, तोच कोट आळीपाळीने चढवून आम्ही फोटो काढले आणि घरी धाडले. कोट उतरवला की हुडहुडी भरायची.

परतताना बसमधूनच बायकोला फोन लावला. म्हटलं, "आता नाही झेपत गं. मी काम सोडून घरी परत येतो."

"काहीतरीच काय! सगळ्यांच्या बायकांनी फोटो दाखवले. कंपनी एकसारखे कोटसुद्धा देते, तरी तुमचं रडगाणं चालूच! त्यापेक्षा भाऊजींनाही तिकडेच चिकटवा. त्यांनाही एक कोट मिळेल."