एकेरीची रेघ

धाकटीने रोलरचा दांडा पोटाशी धरला आणि पाय रोवून ढकलला. रोलर ढिम्म हलला नाही. ड्रायव्हरकाकांनी येऊन खांदा लावला, दातांच्या डॉक्टरांनी पलीकडून हात घातला, तेव्हा कुठे ते लोखंडी धूड कुरकुरत पुढे सरकलं आणि मागे ओल्या लाल मातीचा सपाट पट्टा उमटला.

"डावीकडे फुगवटा राहिलाय," कडेच्या खुर्चीतून थोरलीने सांगितलं. "परत फिरवा."

"जाऊबाई, जरा दम तरी घेऊ द्या."

"दम सोमवारी घे. कोर्ट गेलं तर तेवढंच काम उरणार आहे तुला."

फाटकाशी खडीचा ढीग येऊन पडला होता, त्यामुळे सोमवारचं कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. क्लबच्या सभेत सेक्रेटरीने मांडलंच होतं तसं. मागच्या टेनिस कोर्टावर तण माजलंय, चार म्हातारी माणसं सोडली तर तिकडे कुणी फिरकत नाही, आणि गाड्या लावायला जागा नाही. धाकटी उभी राहिली. जन्मात कधी सभेत तोंड न उघडलेली बाई, पण त्या दिवशी उघडलं ते मिटेचना. शेवटी सेक्रेटरी वैतागून म्हणाला, "ठीक आहे. रविवारी सकाळी बघायला येतो. नियमाप्रमाणे खेळण्याजोगं असेल तर राहील. नसेल तर सोमवारी खडी पसरणार."

"चालेल," धाकटी म्हणाली.

या दोघी सख्ख्या जावा. सगळा क्लब त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायचा. दोघींचे नवरे पाठोपाठचे भाऊ, आणि घराच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं कधीचंच बंद झालेलं. बायकांनीही एकमेकींकडे जायचं नाही, असं ठरलं. ठरवणारे अर्थात भाऊच. जावांनी वाद घातला नाही. रोज सकाळी रॅकेट उचलून मागच्या कोर्टावर यायचं आणि जाळीच्या एकाच बाजूला उभं राहायचं, एवढंच केलं. समोर ड्रायव्हरकाका आणि डॉक्टर. चेंडू गोळा करताना जेवढं बोलता येतं तेवढ्यात त्यांनी मुलांची आजारपणं, परीक्षा, नवऱ्यांची पथ्यं आणि तिरसटपणा, सगळं एकमेकींना सांगून निभावलं होतं. कोर्ट गेलं तर भेटणार कुठे? भाजीच्या दुकानात, चोरट्यासारखं?

मग थोरलीचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, हातात काठी आली. आता खेळ विसरा, असं तिला दवाखान्यात स्पष्ट बजावलं होतं. धाकटीला मात्र ती म्हणायची, "जरा ताकद येऊ दे, मग बघ मी कशी उभी राहते जाळीवर." धाकटी हो म्हणायची. दोघींनाही खरं काय ते माहीत होतं आणि दोघी ते बोलत नव्हत्या.

तर आठवडाभर असं काम चाललं होतं. तण उपटायचं काम दातांच्या डॉक्टरांनी मागून घेतलं. मुळासकट काढायची सवय आहे म्हणाले, आणि खरंच एक मूळ मागे ठेवलं नाही. ड्रायव्हरकाका रोलर वळवताना मागे बघत "येऊ द्या, येऊ द्या" असं स्वतःलाच ओरडून सांगत. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, सवय कुठे जाते. धाकटी माती चाळायची, पाणी मारायची आणि थोरलीची बोलणी खायची. घरी नवऱ्याने विचारलं, कंबर का धरलीयस. ती म्हणाली, बसून बसून.

शनिवारी दुपारी रेघा मारल्या. डॉक्टरांनी माप वाचायचं, काकांनी दोरी ताणायची, धाकटीने दोरीच्या कडेने चुना सोडत जायचं. संध्याकाळपर्यंत लाल मातीवर पांढऱ्या रेघा अशा उठून दिसायला लागल्या की तिघं कंबरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली. थोरली त्या दुपारी गप्प होती. दमली असेल, असं धाकटीला वाटलं.

रविवारी सेक्रेटरी आला तो पॉलिश केलेल्या बुटांत, गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत. कोर्ट बघून किल्ली फिरायची थांबली. त्याने खाली वाकून मातीवर तळवा टेकवला, जाळी हाताने दाबून पाहिली. डॉक्टरांनी धाकटीकडे बघून भुवया उडवल्या. मग सेक्रेटरी चालत मागच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे उभा राहिला.

"ही रेघ पुढे कुठे गेली?"

सगळी तिकडे गेली. बाजूच्या दोन रेघांपैकी आतली रेघ जाळीपासून मधल्या सर्व्हिस लाइनपर्यंत नीट आली होती आणि तिथेच थांबली होती. तिथून मागच्या टोकाच्या बेसलाइनपर्यंत नुसती माती. चारही कोपऱ्यांत तेच. दुहेरीत त्या तुकड्याचं काही काम नसतं. सर्व्हिस झाली की बाहेरची रेघ खरी. एकेरी खेळायची तर मात्र हद्द तीच. आणि या कोर्टावर एकेरी कुणी खेळलं त्याला जमाना लोटला होता. इतकी वर्षं जोडीने खेळून खेळून ती रेघ असते हेच तिघं विसरून गेली होती.

"हे अर्धंच कोर्ट झालं," सेक्रेटरी म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण सुटका होती. "नियमात एकेरी, दुहेरी दोन्ही येतं."

"मारतो की आत्ता," ड्रायव्हरकाका म्हणाले. "चुना आहे अजून."

"रेघ माराल हो काका. खेळणार कोण? वहिनी खुर्चीत बसलेल्या. तुमची दुहेरीसुद्धा आता जमत नाही, ते का मला माहीत नाही?"

डॉक्टर उगाच चष्मा पुसायला लागले.

"मला काल दिसलं होतं," थोरली म्हणाली.

धाकटी वळली. "काय दिसलं होतं?"

"रेघ राहिलीय ते. तुम्ही दोरी गुंडाळत होतात तेव्हा."

"आणि बोलला नाहीत?" धाकटीचा आवाज चढला. "आठवडाभर हाडांची काडं केली आम्ही. फुगवटा दिसतो, खळगा दिसतो, प्रत्येक ठिकाणी बोलता. आणि हे बोलला नाहीत?"

थोरली तिच्याकडे बघत नव्हती, कोर्टाकडे बघत होती.

"एकेरीची रेघ मारलीस की माझं काय काम इथे?" ती म्हणाली. "दुहेरीला निदान माझी वाट बघावी लागते."

धाकटीला इतका संताप आला की तिला डोळ्यांत पाणी आल्याचंही कळलं नाही. बोलायला पुष्कळ होतं. ती गेली, दोरी घेऊन आली, खाली बसली आणि थोरलीच्या काठीच्या टोकाशी दोरी करकचून बांधली.

"उठा."

"अगं, मला वाकता येत नाही."

"वाकायला कोण सांगतंय? रेघ संपलीय तिथे काठी रोवा आणि भार टाकून उभ्या राहा."

"वहिनी, राहू द्या, मी धरतो," डॉक्टर पुढे झाले.

"तुम्ही बाजूला व्हा," धाकटी म्हणाली.

थोरली उठली. सर्व्हिस लाइनपाशी जाऊन तिने काठी रोवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. धाकटी दुसरं टोक घेऊन बेसलाइनवर गेली.

"ढिली आहे," थोरली म्हणाली.

"तुमच्याकडून ढिली आहे."

"माझ्याकडून नाही. ताण तू."

काका दोरीच्या कडेने चुना सोडत गेले आणि चारही कोपरे झाले. प्रत्येक कोपऱ्यापर्यंत थोरली स्वतः चालत गेली आणि त्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. सेक्रेटरीने घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, पण गेला नाही. शेवटची रेघ झाल्यावर धाकटीने हात पदराला पुसले, पदर कमरेला खोचला आणि रॅकेट घेतली.

"काका, या समोर."

"एक-दोन चेंडू दाखवा, पुरे आहे," सेक्रेटरी म्हणाला.

"अख्खा सेट बघायचा. आणि रेघेवरून बाजूला व्हा आधी."

तो झाला बाजूला.

काकांनी चेंडू टाकला. धाकटीने परतवला, काकांनी तिला उजवीकडे पळवलं, ती पळाली. तिथून तिने मारलेला फटका लांबवर, दोन रेघांच्या मधल्या पट्ट्यात पडला, नव्या रेघेच्या जेमतेम बोटभर बाहेर. याच जागेवर चेंडू टाकून दोघी जावांनी आजवर किती पॉइंट घेतले असतील. काका सवयीने "छान" म्हणून गेले आणि मग त्यांनी नव्या रेघेकडे पाहिलं. धाकटीने थोरलीकडे पाहिलं.

"आउट," थोरली म्हणाली. फाटकापर्यंत ऐकू जाईल असं.

धाकटीने मान हलवली आणि चेंडू आणायला गेली.

"वहिनी, पाय दुखेल, बसा आता तरी," सेक्रेटरी म्हणाला.

"खेळ चालू आहे," थोरली म्हणाली. "मधे बोलू नका."