आबांचा फेटा

माझ्या वडिलांना, आमच्या आबांना, नाटकाचं भारी वेड. दत्तराव सरपंच पहिल्या रांगेत येऊन बसल्याशिवाय आमच्या भागात पडदा उघडत नाही, असं लोक म्हणत. दुसरं वेड सरपंचकीचं. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की आबा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मी हाय की!" रस्त्यासाठी खडी आली. मी हाय की! ती आमच्या ओट्याला लागली. शाळेसाठी पत्रे आले. मी हाय की! ते आमच्या गोठ्यावर चढले. लोक रामराम घालून जायचे आणि कोपऱ्यावर वळले की काय बोलायचे, ते मला सतराव्या वर्षी चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून त्याच घरचं जेवायचं, ही लाज वेगळीच असते.

त्र्याहत्तर साली दुष्काळानं विहिरींचा तळ दिसला आणि बौद्धवाड्यासाठी एक हापसा मंजूर झाला. बोअर पाडणारी गाडी आली. आबांनी गाडीवाल्यांना आधी आमच्याकडे जेवायला नेलं, कोंबडं कापलं, आणि दुपार कलली तेव्हा बोअर आमच्या अंगणात पडत होता. "तिकडं खाली निस्ता खडक हाय," आबांनी सांगून टाकलं. पुढे अंगणाभोवती भिंत उठली. कुंपणच शेत खायला लागल्यावर सांगायचं कुणाला? बौद्धवाड्यातल्या बाया नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीनं घागरी भरू लागल्या.

एक दिवस बायनाबाई आमच्या दारात आली. म्हातारी बाई, वाळूत बसून बसून गुडघे गेलेले. एक घागर मागितली. माझी माय म्हणाली, "आधी गोठा झाडून काढ." बायनाबाईनं गोठा झाडला. मग मायनं घागर लांब ठेवायला लावली, पदर नाकाला लावला आणि वरून पाणी ओतलं. निम्मं बाहेर सांडलं. बायनाबाई सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिली.

एप्रिलात बौद्धवाड्यात बाबासाहेबांची जयंती होती. बायनाबाईचा मुलगा चंद्रभान बोरीला शाळेत मास्तर होता. त्यानं नाटक बसवलं होतं आणि आबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. आबा झोकात निघाले, जरीकाठी गुलाबी फेटा बांधून. आम्ही मायलेकी बायांच्या बाजूला बसलो.

नाटकात एक पोटभरे सरपंच होता. ते काम चंद्रभान स्वतः करत होता. पोटाला उशी बांधलेली, हातात काठी. तो रस्ता खाई, शाळेचे पत्रे खाई, वर ढेकर देऊन छातीवर हात ठेवी आणि म्हणे, "घोर कशाला करता? मी हाय की!" मंडप हसून लोळायला लागला. मी मान खाली घातली. आता आबा उठणार, काठी उगारणार, असं मला वाटलं.

आबा मांडीवर थापा मारून हसत होते! शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून म्हणाले, "अरे, हा तर पलीकडच्या गावचा भगवानराव! हुबेहूब! बघ, माझं बोलणं बी चोरायलाय!"

भगवानराव म्हणजे आबांचा जुना वैरी. वैऱ्याची अशी फजिती बघून आबांना राहवेना. टाळ्या ऐकल्या की त्यांना तसंही भान राहत नसे. ते रंगमंचावर चढले, डोक्यावरचा फेटा काढला आणि सगळ्यांसमोर चंद्रभानच्या डोक्यावर ठेवला. "वा रे पठ्ठे! बक्षीस!"

मंडप असा हसला, की आबाही हात जोडून हसत खाली आले. त्या फेट्यानं काय केलं, ते त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मग शेवटचा प्रवेश. पोटभऱ्याच्या अंगणात हापसा. एक म्हातारी घागर घेऊन येते. सरपंचीण झालेला पोरगा म्हणतो, "आधी गोठा झाडून काढ." म्हातारी झाडते. सरपंचीण पदर नाकाला लावून वरून पाणी ओतते, ते सांडतं. पोटभरे आबांच्या फेट्यात ओट्यावर बसून सुपारी चघळत राहतो.

कुणीच हसलं नाही. आबांचा हात डोक्याकडे गेला. डोकं उघडं होतं. माझ्या शेजारी मायनं पदर तोंडावर ओढला आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

नाटक संपलं. चंद्रभान फेटा दोन्ही हातांवर घेऊन पुढे आला. "हा फेटा कोणाचा हाय?" त्यानं शांतपणे विचारलं.

आबांची पंचाईत झाली. माझा म्हणावं, तर पोटभरे कोण ते कबूल होतं. ते कुणाकडेही न बघता उठले आणि तसेच बोडक्या डोक्यानं निघून गेले.

मग माय उठली. बायांमधून वाट काढत गेली आणि म्हणाली, "आमचा हाय." फेटा तिनं थेट चंद्रभानच्या हातातून घेतला.

घरी आबा तिच्यावर ओरडले, "माझं नाक कापलंस!"

"नाक तर कवाच गेलं होतं," माय म्हणाली. "आज आपल्याला दिसलं."

सकाळी तिनं फाटक उघडं टाकलं. कुणी आलं नाही. बाया समोरून नदीकडे जात होत्या आणि आमच्या दाराकडे मानही वळवत नव्हत्या. दुपारी बायनाबाई आली, मोकळ्या हातांनी.

"घागर कामून न्हाई आणली, मावशी?" माय म्हणाली. "मी भरून देते की."

"तुमच्या हातचं पाणी लय झालं, बाई. हापसा आमचा हाय."

"चुकलं आमचं. पण जमिनीतला बोअर आता कसा हलवू?"

"बोअर न्हाई हलत," बायनाबाई म्हणाली. "भिंत हलती."

मायनं गोठ्यातून पहार आणली. पहिला घाव तिनंच घातला. मग चंद्रभान आणि त्याच्या वस्तीतली माणसं आली. आबा आतल्या खोलीत बसून एकेक दगड पडताना ऐकत होते.

संध्याकाळी हापसा रस्त्यावर मोकळा झाला. बाया स्वतःच्या हातानं हापसत होत्या. नंबरावरून दोघींत जुंपली. आवाज ऐकून आबा सवयीनं ओट्यावर आले, हात छातीवर गेला. "भांडू नका, मी हाय..."

पुढचा 'की' घशातच राहिला. सगळ्या बाया वळून बघत होत्या.

बायनाबाईनं भरलेली घागर डोक्यावर घेतली. "हो," ती म्हणाली, "तुमीच की."

आबा आत गेले. तो फेटा त्यांनी पुन्हा कधी बांधला नाही.